एकवीस दिवसांचा गूळ

हंबीरमामांनी मला मुंग्यांना गूळ घालायला सांगितलं, तेव्हा त्यांचा हेतू शुद्ध होता. माझाही होता. मुंग्यांच्या हेतूबद्दल तर कुणी शंकाच घेऊ नये. तरीसुद्धा पुढच्या सतरा दिवसांत आमच्या गल्लीत जे घडलं, त्याची तक्रार क्रमांकासह सरकारदरबारी नोंद आहे आणि त्या नोंदीखाली माझी सही आहे. सही खरी आहे. वरचा मजकूर खोटा आहे. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी सही केलेला हा पहिला खोटा कागद. तो मुंग्यांसाठी केला, हे कुठल्या वरिष्ठाला कसं समजावून सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

मी आकाराम चौगले, कार्यालयीन अधीक्षक. खातं कुठलं ते सांगत नाही, कारण खात्याचा यात काही दोष नाही. माझ्या हाताखाली चौदा माणसं आणि डोक्यावर तीन. कागद खालून वर जाताना माझ्या टेबलावरून जातो आणि वरून खाली येतानाही माझ्याच टेबलावरून येतो. मधे मी नसतो तर कागद इतक्या लवकर वर गेला असता, की वरच्यांना तो कुठून आला तेच कळलं नसतं. सांगणारा कुणीतरी असल्याशिवाय काम होत नाही, या एका विश्वासावर माझी नोकरी आणि माझा ताठ कणा उभा होता.

एप्रिल महिन्यात बदल्यांच्या यादीत माझं नाव आलं. चंदगड. गावाबद्दल माझं काही म्हणणं नाही. हवा छान, काजू छान. पण एसटीने साडेतीन तास, आणि माझ्या निवृत्तीला राहिलेली दोन वर्षं. अनुजा, म्हणजे माझी बायको, इथल्या शाळेत शिकवते. तिने यादी वाचून मोबाईल परत दिला आणि म्हणाली, "तुम्ही जावा. माझी शाळा सोडून मी न्हाय येणार. तिकडं खोली घ्यायची, हातानं करून खायचं. एवढं ध्यानात असू दे."

मला चहाही करता येत नाही. हे मी अभिमानाने सांगत नाही, वस्तुस्थिती म्हणून सांगतो. छप्पन्नाव्या वर्षी परक्या गावात स्टोव्हपुढे उभं राहण्याच्या कल्पनेने मला दरदरून घाम फुटला. मी फेरविचाराचा अर्ज केला. तो वर गेला आणि महिनाअखेरीपर्यंत निकाल लागेल असं कळलं. मधल्या काळात करण्यासारखं काही नव्हतं, आणि नेमके तेव्हाच हंबीरमामा आले.

हे अनुजाचे मामा, गडमुडशिंगीचे. घरच्या चार म्हशी, आणि कुणी न विचारता पत्रिका बघण्याची हौस. माझी पत्रिका त्यांनी चष्मा वर-खाली करत वाचली आणि म्हणाले, "शनी आडवा पडलाय जावईबापू. एकवीस दिवस मुंग्यास्नी खायला घाला. सकाळी आंघोळ करून, अनवाणी. पीठ आणि गोड. एक दिवस चुकला की पयल्यापास्नं."

"गोड म्हणजे साखर?" मी विचारलं.

मामांनी चष्मा काढला. "कोल्हापूरच्या मुंग्यास्नी साखर घालतायसा व्हय? गूळ घाला की."

पुढचं सगळं रामायण या एका वाक्यातून झालं. साखर घातली असती तर ती पहिल्या वाऱ्याला उडाली असती आणि मी सुखाने चंदगडला गेलो असतो.

आता मुंग्या शोधणं आलं. घरात हव्या तेवढ्या होत्या, पण घरातल्यांना घालून पुण्य लागत नाही असं शेजारचे उदयसिंह म्हणाले. उदयसिंह शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत सुपरवायझर होते. आता निवृत्त आहेत, पण सुपरवायझर अजून आहेत. सकाळी गेटपाशी उभं राहून ते दूधवाल्यापासून कचऱ्याच्या गाडीपर्यंत सगळ्यांना वळणं सांगतात. त्यांनीच गल्लीच्या तोंडाचा मोकळा प्लॉट दाखवला. "काळ्याच बघा. लाल चावत्यात." मग त्यांनी गुळाची चौकशी केली आणि माझ्या हातातला पिवळाधमक खडा बघून तोंड वाकडं केलं. हा केमिकलचा आहे, मुंग्यांच्या पोटात गेला तर उलटा दोष लागेल, असं त्यांचं म्हणणं पडलं. ते स्वतः जाऊन ओळखीच्या गुऱ्हाळावरून काळसर, केमिकल न घातलेला अर्धा रवा, म्हणजे अर्धी ढेप, घेऊन आले. आम्ही घरात इतका चांगला गूळ कधी खाल्लेला नाही.

प्लॉटमधलं ते वारूळ म्हणजे वारूळ म्हणावं इतकं उंच नव्हतं. कुंपणाच्या भिंतीपासून हातभर अंतरावर जमिनीत बोट जाईल एवढं भोक आणि त्याभोवती गवताच्या फोलपटांचं एक नीटस कडं. पहिल्या दिवशी मी ओल्या केसांनी, अनवाणी, हातात वाटी घेऊन तिथे उकिडवा बसलो. समोरून ओळखीचे दोघे स्कूटरवरून गेले. मी शनीचं नाव घेऊन गुळाचा खडा ठेवला आणि भोवती पीठ भुरभुरलं.

मुंग्यांनी गुळाला हात लावला नाही. रांगेतली एकेक आली, खड्याला मिशा लावून बघितल्या आणि वळसा घालून पुढे गेली. आमच्या ऑफिसात नोटीस बोर्डावर मी परिपत्रक लावतो तेव्हा लोक ज्या तोंडाने पुढे जातात, त्याच तोंडाने. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मला ते मनाला लागलं. अधीक्षकाने स्वहस्ते दिलेला गूळ, तोही केमिकल नसलेला, आणि कुणी बघायला तयार नाही.

"काका, ह्यांना गूळ नको," मागून आवाज आला. ख्वाजाभाई वेल्डरची मुलगी तमन्ना, विद्यापीठात प्राणिशास्त्रात एम. एस्सी. करते. ती कॉलेजला निघाली होती. "ह्या धान्य गोळा करणाऱ्या हायत. ह्यांना बी पायजे. ज्वारी घाला, बाजरी घाला. गूळ कशाला?"

"मामांनी सांगितलंय," मी म्हणालो. एवढ्या शिकलेल्या मुलीला शनीचं कारण सांगायची मला लाज वाटली.

मी मूठभर ज्वारी आणून टाकली. मग जे बघितलं त्याने माझी त्या दिवशीची हजेरी अर्ध्या तासाने हुकली. एक मुंगी आली, दाणा चाचपून घाईघाईने भोकात गेली. थोड्या वेळाने आठ-दहा बाहेर आल्या. मग रांग लागली. दाणा मुंगीपेक्षा मोठा. एकीला उचलेना, तेव्हा दुसरीने पलीकडची बाजू धरली. दोघींची ओढ वेगवेगळ्या दिशांना होती, म्हणून दाणा जागच्या जागी गोल फिरला. मग एक थांबली, दुसरीची दिशा घेतली आणि दाणा सरळ चालू लागला. वाद नाही, स्मरणपत्र नाही.

दुसऱ्या दिवशी मी तमन्नाला गाठून विचारलं, "यांचा साहेब कोण?"

"कोण न्हाय."

"राणी असते ना?"

"राणी अंडी घालती, काका. आयुष्यभर तेवढंच. ती कुणाला काय सांगत न्हाय. तिला बाहेर काय चाललंय तेबी ठाऊक नसतंय."

"मग या बाईला दाणे आणायला जा असं सांगितलं कुणी?"

"कुणीच न्हाय. आत बसलेलीला बाहेरनं येणाऱ्या भेटत ऱ्हात्यात. त्यांच्याकडं दाणा असला की हिला कळतंय, बाहेर माल हाय. मग ही निघती. कोण येईनासं झालं की ही बसून ऱ्हाती."

हे ऐकून मी दोन दिवस अस्वस्थ होतो. हजारोंचा कारभार, जमिनीखाली कोठारं, बाळंतघर, बाहेर कचऱ्याचा ढीग वेगळा आणि मेलेल्यांची जागा वेगळी, आणि या सगळ्यात एकही अधीक्षक नाही. मला वाटलं तमन्नाच्या पुस्तकात काहीतरी चूक असणार. म्हणून मी रोज अर्धा तास लवकर जाऊन साहेब शोधू लागलो. काही मुंग्यांची डोकी मोठी होती. मनात म्हटलं, सापडले. पण तमन्ना म्हणाली, त्या डोकेवाल्या आत बसून टणक दाणे फोडतात. जिचं डोकं मोठं तिला जड काम. आमच्या खात्यात ही पद्धत कधी आली नाही.

सातव्या दिवसापर्यंत मी बदलीचा विचार करणं सोडलं होतं, हे अनुजाच्या लक्षात आलं. मी जेवताना सांगत होतो की आज एका मुंगीचा पाय मोडला होता आणि दुसरी तिला उचलून घरी घेऊन गेली. अनुजा म्हणाली, "मागच्या पावसात माझा पाय मुरगळलता, तवा तुम्ही पेपर वाचत हुता."

त्याच आठवड्यात तमन्नाने आणखी एक गोष्ट सांगितली. मी सहज विचारलं होतं की इतक्या उन्हात लांब जाणाऱ्या या तरण्याताठ्या मुंग्या असतील.

"उलटं, काका. तरण्या आत पिलं सांभाळत्यात. वय झालं की मग बाहेरचं काम. सगळ्यात म्हाताऱ्या सगळ्यात लांब जात्यात. बाहेर जीवाला धोका असतोय न्हवं? ज्यांचं बरंच जगून झालंय त्यांनी जायचं."

ऑफिसात गेल्यावर मी चंदगडचा नकाशा काढून बघितला आणि परत घडी घालून ठेवला.

मधल्या काळात गूळ चालूच होता. ज्वारी ही माझी हौस होती. गूळ हे व्रत होतं, आणि व्रतात बदल केला तर पहिल्यापासून. रोजचा एक खडा, मुंग्यांनी नाकारलेला, उन्हात वितळून भोकाशेजारी चिकटत गेला. नवव्या दिवशी सकाळी मी वाटी घेऊन गेलो तेव्हा त्या जागी माती दिसत नव्हती. लाल मुंग्या. कुंपणापलीकडच्या गटारीपासून वारुळापर्यंत बोटभर जाडीचा लाल पट्टा, आणि तो गुळावर थांबून न राहता भोकाकडे वळला होता. गूळ खायला आलेल्यांना शेजारी भरलेलं घर सापडलं होतं. आमंत्रण मी दिलं होतं, नऊ दिवस, आंघोळ करून.

त्या सकाळी मी जे बघितलं ते मी विसरणार नाही. डोकेवाल्या, दाणे फोडणाऱ्या, बाहेर आल्या होत्या आणि भोकाच्या तोंडाशी डोक्याला डोकं लावून उभ्या होत्या, जशी काही दाराला फळी घातलेली. एक पडली की मागची पुढे सरकत होती. त्यांच्या मागून लहान मुंग्या खडे आणून दार आतून चिणत होत्या. बाहेर उभ्या असलेल्यांना परत आत यायला वाट राहणार नव्हती. त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही. आणि भिंतीच्या कडेला दुसरं एक भोक, जे मी नऊ दिवसांत बघितलं नव्हतं, तिथून तोंडात पांढरी पिलं धरलेली एक बारीक रांग गवतात सरकत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते उदयसिंहांना दिसू नये म्हणून तोंड भिंतीकडे केलं.

उदयसिंह तोपर्यंत आलेच होते. त्यांनी रॉकेल सुचवलं. समोरच्या बयाबाई हळद घेऊन आल्या. कुणी उकळतं पाणी म्हणालं, कुणी मुंग्यांचा खडू. प्रत्येक उपायात लालबरोबर काळ्याही मरत होत्या. मी जो उपाय केला तो सगळ्यांत वाईट होता. मी रीतसर तक्रार केली.

आधी शेतीच्या मदत क्रमांकाला फोन लावला. पलीकडच्या गृहस्थाने पिकाचं नाव विचारलं. पीक नाही म्हटल्यावर क्षेत्र विचारलं. मी एक वीत म्हणालो. त्याने शांतपणे सातबारा उतारा जोडायला सांगितला आणि हे शहरी प्रकरण दिसतं म्हणून मला एका ॲपकडे वळवलं. ॲपमध्ये कुत्री होती, डास होते, साप होते आणि शेवटी 'इतर' होतं. मी 'इतर' दाबून लिहिलं, "लाल मुंग्यांनी काळ्या मुंग्यांच्या वारुळावर हल्ला केला असून तातडीने योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती." एकतीस वर्षं मी प्रत्येक पत्राच्या शेवटी 'योग्य ती कार्यवाही' लिहीत आलोय. योग्य काय ते समोरचा ठरवतो, हा त्या शब्दांचा खरा अर्थ मला त्या दिवशी लक्षात यायला हवा होता. मोबाईलवर तक्रार क्रमांक आला आणि मला उगाच हलकं वाटलं.

उपाय शेवटी तमन्नाने काढला. "लाल गुळासाठी आल्यात. गूळच हलवायचा. पण एकदम न्हाय. थोडा थोडा लांब न्यायचा, वासावर त्या मागनं येत्यात. आणि जुनी वाट ओल्या फडक्यानं पुसत ऱ्हायची."

तिची आई खतिजाभाभी डब्याचं पत्र्याचं झाकण घेऊन आल्या. त्यावर गुऱ्हाळाचा सगळा उरलेला गूळ ठेवला, झाकणाला सुतळी बांधली आणि तासाला हातभर असं ते वारुळापासून ओढत न्यायचं ठरलं. दिशा एकच मोकळी होती. गटारीकडेची, उदयसिंहांच्या गेटवरून.

"माझ्या दारावरनं मिरवणूक काडताय व्हय?" उदयसिंह म्हणाले. मग वारुळाच्या तोंडाशी पडलेल्या डोकेवाल्यांकडे बराच वेळ बघत राहिले. "न्या," म्हणाले. "पण वळताना हळू."

मी ताबडतोब पाळ्यांचा तक्ता केला. नाव, वेळ, कामाचं स्वरूप, सही. तो भिंतीला चिकटवला आणि ऑफिसला गेलो. संध्याकाळी आलो तेव्हा तक्त्यावर एकही सही नव्हती आणि झाकण बरोबर नऊ हात पुढे गेलं होतं. कुणी ओढलं म्हणून विचारलं, तर कुणालाच नीट सांगता येईना. बयाबाई भाजीला जाताना एकदा ओढून गेल्या होत्या. ख्वाजाभाईंनी दुपारी दुकानातून येताना एक हात नेलं होतं. अनुजा शाळेतून आल्याबरोबर, पर्ससकट, ओलं फडकं घेऊन वाट पुसायला बसली होती. ज्याला जाताना झाकण मागे राहिलेलं दिसलं, त्याने ते पुढे ओढलं. उदयसिंह दिवसभर गेटपाशी उभे होते आणि त्यांनी कुणाला एक सूचना केली नव्हती. मी तक्ता हळूच काढून खिशात घातला.

तिसऱ्या दिवशी लाल पट्टा गटारीपलीकडच्या लिंबाखाली गेला आणि तिथेच राहिला. चौथ्या दिवशी वारुळाच्या तोंडातला एक खडा आतून हलला. मग एक मुंगी बाहेर आली, थांबली, मिशा हलवल्या आणि तो खडा उचलून लांब नेऊन टाकला. आम्ही सहाजण उकिडवे बसून बघत होतो. बयाबाईंनी पदर डोळ्याला लावला.

व्रताचं काय झालं हे विचारायला मी हंबीरमामांना फोन केला. गूळ रोज पडलाच होता, फक्त लाल मुंग्यांना. मामा विचार करून म्हणाले, "लाल म्हंजे मंगळ. शनीचा अर्ज मंगळाच्या टेबलावर गेला म्हना की. पण चालू ठेवा." मग मी रोजचा खडा लांब त्या लिंबाखालीच नेऊन ठेवू लागलो.

सतराव्या दिवशी, शनिवारी, पाठीवर पंप घेतलेला एक माणूस माझं नाव विचारत आला. त्याचं नाव ज्ञानू. हातात माझ्या तक्रारीची प्रत.

"तक्रार तुमचीच न्हवं साहेब? मुंग्या कुठं हायत? मारून जातो."

"तक्रार होती. आता नाही. मागे घेतो."

"आता न्हाय असा रकाना न्हाय साहेब," ज्ञानू म्हणाला. त्याच्या आवाजात जराही उर्मटपणा नव्हता. "मागं घ्यायला तुम्हांस्नी हापिसात याय लागतंय, त्याला आठ दिवस. तवर ही शिल्लक दिसली की मला मेमो. फवारतानाचा जागेसकट फोटो पायजे, आणि खाली तक्रारदाराची सही."

मी त्याला काय बोलणार? असे मेमो मी स्वतः काढलेले आहेत. दोनदा, आणि दोन्ही वेळा भाषा कडक होती.

तमन्नाने त्याला वारुळापाशी नेलं. तो पंपासकट उकिडवा बसला आणि ती सांगत गेली. साहेब नसलेला कारभार, दाराला लावलेली डोकी, म्हाताऱ्यांनी लांब जाणं. ज्ञानूने सगळं ऐकून घेतलं आणि बराच वेळ रांगेकडे बघितलं. "पंधरा वर्सं मारतोय," तो म्हणाला, "पन बसून कधी बगितलं न्हवतं."

मग त्यानेच पंप उतरवला, औषध कॅनमध्ये परत ओतलं, खतिजाभाभींच्या नळावर पंप तीनदा विसळला आणि साधं पाणी भरलं. फोटोत पंप, फवारा आणि वारूळ तिन्ही दिसायला हवं होतं. उदयसिंहांनी फोटो काढला. पहिल्यात ज्ञानूचं डोकं गेलं, दुसऱ्यात वारूळ गेलं, तिसऱ्यात उदयसिंहांचं बोट आलं. चौथा बरा आला, तोपर्यंत वारुळाच्या तोंडात तांब्याभर पाणी गेलं होतं.

मग कागद पुढे आला. 'फवारणी पूर्ण. सदर ठिकाणी मुंग्या शिल्लक नाहीत.' मी पेन काढलं. अनुजा गेटपाशी उभी होती. ती हळू आवाजात म्हणाली, "अहो, फेरविचाराचा अर्ज वर हाय अजून. खोट्या कागदावर सही सापडली तर बदली सोडाच, चौकशी लागंल."

ती म्हणत होती ते खरं होतं. दोन वर्षांची नोकरी, निवृत्तीवेतन, एकतीस वर्षांचं नाव, सगळं त्या रेघेखाली होतं. माझ्या अनवाणी पायावरून त्याच वेळी एक मुंगी चालली होती, तोंडात माझ्याच ज्वारीचा दाणा. मी पूर्ण नाव लिहिलं, खाली हुद्दा लिहिला आणि तारीख टाकली. ज्ञानूने कागद घडी करून खिशात घातला आणि पंप पाठीला लावला. जाताना तो वारुळाला वळसा घालून गेला.

त्याच संध्याकाळी मोबाईलवर आदेश आला. अर्ज अमान्य. चंदगड येथे सोमवारी मध्यान्हपूर्व रुजू व्हावे. मामांना कळवलं तेव्हा ते म्हणाले, "चार दिवस कमी पडले बगा." रविवारी अनुजाने मला ओट्यापाशी उभं करून चहा शिकवला. पाणी आधी, पावडर उकळल्यावर, दूध शेवटी. दुसऱ्या खेपेला जमला. तिने कप धुताना विचारलं, "वाईट वाटतंय?" मला खरंच वाटत नव्हतं. मी तिला तमन्नाचं ते वाक्य सांगितलं, सगळ्यात म्हाताऱ्या सगळ्यात लांब जातात ते. "तुम्ही मुंगी न्हाय," ती म्हणाली आणि माझ्या बॅगेत चहाची गाळणी ठेवली.

सोमवारी सकाळी बॅग घेऊन मी बाहेर पडलो. साडेसातची एसटी होती. गूळ नव्हता, व्रतही नव्हतं. जाता जाता नुसतं बघून जावं म्हणून प्लॉटमध्ये शिरलो आणि भिंतीकडेच्या एका दगडावर टेकलो. शनिवारचं पाणी आत कोठारापर्यंत गेलं असावं. भिजलेले दाणे घेऊन मुंग्या बाहेर येत होत्या आणि जिथे ऊन होतं तिथे एकेक दाणा वेगळा ठेवून परत जात होत्या, जशा आपल्या बायका गच्चीवर सांडगे वाळत घालतात. शेकडो दाणे, एकावर एक नाही. ऊन कुठे आहे हे कुणी कुणाला सांगत नव्हतं. मी बघत राहिलो. उठायला म्हणून खाली पाहिलं, तर माझ्या पुढे पसरलेल्या उजव्या बुटावर, कारण तो काळा होता आणि उन्हात होता, सोळा दाणे वाळत घातलेले होते.

मला पाय हलवता येईना.

उदयसिंह मला स्टँडवर सोडायला स्कूटर घेऊन आले. हॉर्न वाजवून त्यांनी आत डोकावलं, माझ्या बुटाकडे बघितलं आणि गाडी बंद केली. सव्वाआठ झाले. मग एकेक मुंगी येऊन दाणा उचलू लागली. पंधरा गेले. एक बुटाच्या लेसमध्ये अडकला होता. उदयसिंह उकिडवे बसून त्याच्याकडे बघत होते आणि मी श्वास रोखून बसलो होतो. बऱ्याच वेळाने एक मुंगी परत आली, लेसवर चढली आणि तो दाणा ओढून काढून घेऊन गेली.

चंदगडला पोचायला दुपारचा एक वाजून गेला. तिथल्या साहेब म्हणजे तिशीतली एक मुलगी. रुजू अहवालात विलंबाच्या कारणाचा रकाना होता. बस वाटेत बंद पडली असं लिहिलं असतं तर कुणी विचारलं नसतं, पण एका आठवड्यात दोन खोटे कागद माझ्याच्याने झाले नाहीत. मी लिहिलं, 'बुटावर मुंग्यांनी धान्य वाळत घातले होते. ते उचलून होईपर्यंत थांबलो.'

तिने वाचलं. परत वाचलं. मान वर करून माझे पिकलेले केस बघितले, मग टेबलाखाली वाकून माझे बूट बघितले.

"सगळं उचललं त्यांनी?"

"हो मॅडम. एक राहिला होता. त्याच्यासाठी एक परत आली."

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि खाली सही केली.